सात-बासष्ट की तीनशे अडतीस?

सुट्टीवर आलेली पोरं कामठी रोडवर माझ्या घरी येतात आणि चहा संपायच्या आत विचारतात, "उस्ताद, स्नायपरसाठी सात-बासष्ट बरी की तीनशे अडतीस?" म्हणजे ७.६२ मिलिमीटर कॅलिबरची रायफल की ०.३३८ इंचाची. मी दोन्ही चालवल्या आहेत, म्हणून माझं मत सांगतो. तुमचा इलाका वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं.

कागदावर .३३८ लापुआ मॅग्नमच सरस आहे. ७.६२×५१ ची १७५ ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅम) गोळी सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास सुटते, तीनशे अडतीसची २५० ग्रेनची जवळपास ९०० ने. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा हजार मीटरवर पहिलीला सुमारे अडीच मीटर ढकलतो, दुसरीला दीडेक. शिवाय आठ-नऊशे मीटरनंतर सात-बासष्टचा वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरतो आणि गोळी डगमगू लागते. तिथून पुढे नेमबाज कितीही कसलेला असो, ती त्याचं ऐकेलच असं नाही. डोंगराच्या एका धारेवरून समोरच्या धारेवर नजर ठेवायची असेल तर तीनशे अडतीसच घ्या. २०१९ च्या सुमारास इटलीच्या बेरेटा कंपनीच्या रायफलींबरोबर ती ताबारेषेवर आली, ती उगाच नाही.

तरीही माझा हात सात-बासष्टकडे जातो. कारण धूळ.

विदर्भातला मे महिना, पारा ४५ च्या घरात, जमीन भाजून भुगा झालेली. तीनशे अडतीसचा धक्का खांद्याला सोसावा म्हणून नळीच्या तोंडाला मझल ब्रेक असतो, आणि तो सगळा वायू बाजूला फेकतो. झोपून फायर केला की समोर मातीचा पडदाच उभा राहायचा. शेजारी स्पॉटिंग स्कोपला (गोळी कुठे पडते ते पाहायच्या दुर्बिणीला) डोळा लावून बसलेल्या जोडीदाराला ना हवेतली गोळीची रेघ दिसायची, ना लक्ष्याजवळ उडालेली माती. गोळीला हजार मीटर जायला दीड सेकंद लागतो, धूळ बसायला त्याच्या कितीतरी पट. पहिला राऊंड कुठे पडला हेच कळलं नाही, तर दुसऱ्याला दुरुस्ती काय देणार? आणि तो लोट शत्रूलाही दिसतो. नळीखाली ओलं पोतं अंथरायचो, पण त्या उन्हात ते बघता बघता वाळायचं. सप्रेसरने, म्हणजे नळीला लावायच्या सायलेन्सरने, हा त्रास बराच कमी होतो म्हणा, पण रायफल लांब आणि जड होते, आणि आमच्याकडे तो नव्हता.

सात-बासष्टवर फायर झाल्यावरही लक्ष्य स्कोपमध्येच राहायचं. मृगजळ कुठल्या बाजूला वाहतंय त्यावरून वारा ताडायचा, जोडीदाराने दुरुस्तीचा आकडा सांगायचा, मी दुसरा राऊंड सोडायचा. सातशे मीटरच्या आत तरी मला तिच्यावर जास्त भरवसा वाटला. राऊंड देशातच बनतो, त्यामुळे सरावही पोटभर व्हायचा. तीनशे अडतीसचे राऊंड महाग, ते मोजूनच मिळायचे.

६.५ क्रीडमूर या तिसऱ्या काडतुसाचंही काही जण विचारतात. २००७ ची आहे, वाऱ्यात छान टिकते, धक्काही कमी. पण तुमच्या युनिटला तिचा पुरवठा नसेल तर तो विचार सोडून द्या.

डोंगरातल्या पोस्टिंगसाठी तीनशे अडतीस ठरलीच असेल, तर रेंजवर जाताना दोन पोती आणि पाण्याचा वेगळा कॅन घ्या. पिण्याच्या पाण्याला हात लावू नका. आणि जोडीदाराला शेजारी न बसवता थोडं मागे, तुमच्या उजव्या खांद्यामागून बघता येईल असं बसवा. तिथून त्याला पडद्याच्या वरून थोडं तरी दिसतं.