परसबागेतली रेल्वे: काळ्या मातीवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

मागच्या दिवाळीनंतर बार्शी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर, घरामागच्या परसबागेला वळसा घालून छोट्या रेल्वेचे रूळ टाकले. लांबी सुमारे 40 मीटर. शेवग्यापासून निघून आंब्याखालून, भाजीच्या वाफ्यांना लागून, हौदाला वळसा घालून परत शेवग्याशी. आता परतीचा पाऊस ओसरला आहे आणि रुळांनी दोन्ही ऋतू सोसले आहेत, तेव्हा अनुभव लिहायला हरकत नाही. बघायला येणारा प्रत्येक जण इंजिनाबद्दल विचारतो. माझं उत्तर एकच: इंजिन कुठलंही चालतं, रुळाखालची जमीन तयार करा. पैसा आणि घाम आधी तिथे घाला.

मापाचं सांगतो. बागेतल्या गाड्यांसाठी जगभर 45 मिलिमीटर रुंदीचा मार्ग वापरतात, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर (गेज) तेवढं. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने 1968 मध्ये एलजीबी नावाने घराबाहेर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि हे माप रुळलं. या गाड्या साधारण 1:22.5 प्रमाणाच्या असतात, म्हणजे खऱ्या गाडीच्या साडेबावीसाव्या भागाएवढ्या, आणि त्यांचा 45 मिलिमीटरचा मार्ग मीटर गेज, म्हणजे मीटरभर रुंदीची खरी लाइन, दाखवतो. पण बार्शीत राहून मीटर गेज कसं करायचं? आमची ‘बार्शी लाइट’ ही जुनी छोटी रेल्वे 762 मिलिमीटर गेजची होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती आणली आणि 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू झाली. म्हणून इंजिन तयार घेतलं आणि डबे पीव्हीसी फोम शीट कापून 1:17 प्रमाणात घरी केले. त्या प्रमाणात 45 मिलिमीटरचा मार्ग जवळपास नेमका 762 चा होतो. इंजिन डब्यांच्या मानाने थोडं बुटकं दिसतं, ते मला चालतं.

आता जमीन. आमची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर पातळ काँक्रीटची पट्टी टाकून वर रूळ ठोकायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. तो सल्ला थंड, मुरमाड मुलखातला आहे. घराचा ओटा बांधणाऱ्या गवंडीमामांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “दादा, ह्या रानात पट्टी तडकतीच. फूटभर माती काढा, मुरूम भरा, थराथरानं चोपा.” तसंच केलं. फूटभर खोल, वीतभर रुंद चर. त्यात मुरूम, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसाने चोपलेला. त्यावर क्रशरची बारीक खडी, तीन ते सहा मिलिमीटरची. रूळ त्या खडीत नुसते बसवलेत, कशालाही ठोकलेले नाहीत. खडी क्रशरचीच घ्यावी, कारण तिच्या कडा एकमेकींत अडकतात. नदीतली गोल गोटी पायाखाली सरकते तशी रुळाखालीही सरकते.

पातळी काढायला गवंड्याची लेव्हल नळी पुरली. हौदाच्या बाजूला जमीन उंच आहे, तिथे चढ शंभराला दोनच्या वर जाऊ दिला नाही. चार डबे जोडून इंजिन तो चढ वळणावरही आरामात घेतं.

रूळ पितळी आहेत. ऊन लागलं की पितळ वाढतं: दर अंशाला दर मीटरमागे सुमारे 0.019 मिलिमीटर. ऐकायला हे काहीच नाही. पण इथे डिसेंबरच्या पहाटे रूळ बारा-तेरा अंशांना असतो आणि मे महिन्याच्या दुपारी त्यावर बोट टेकवत नाही. 50 अंशांचा फरक धरला तर दीड मीटरच्या रुळाला जवळपास दीड मिलिमीटर, आणि सगळ्या 40 मीटरला मिळून चार सेंटिमीटरच्या आसपास. ही वाढ कुठेतरी जायला हवी, नाहीतर रूळ वाकून वर उचलतो. थंडीत टाकताना प्रत्येक सांध्यात दीड-दोन मिलिमीटरची फट सोडली होती. मे महिन्यात गुडघे टेकून बघितलं तर बहुतेक फटी मिटत आल्या होत्या, मार्ग मात्र सरळ होता. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान त्या दुपारी मिळालं.

अशा मोकळ्या फटी ठेवता आल्या, कारण माझी गाडी बॅटरीवर चालते. रुळांतून वीज द्यायची तर प्रत्येक सांधा विजेसाठी घट्ट हवा आणि रुळाचा माथा सतत चकचकीत हवा. इथे ते होत नाही. बोअरचं पाणी क्षाराचं, तुषार उडाले की रुळांवर पांढरा थर. उन्हाळ्यात फुफाटा. आणि आंब्याखाली तर माघात मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकटा टपकतो, त्यावर काळी बुरशी धरते. त्या पट्ट्यात रूळ मधाचं बोट फिरवल्यासारखे झाले होते. रुळांवर वीज असती तर गाडी रोज आंब्याखालीच थांबली असती. बॅटरीची गाडी तिथून गेली, फक्त नंतर चाकं पुसावी लागली. गावाकडे, झाडांखाली रूळ टाकणाऱ्यांनी दुसरा विचारच करू नये: लिथियम-आयनचे चार सेल, म्हणजे 14.8 व्होल्ट, आणि हातातला रिमोट.

बॅटरी मी इंजिनात ठेवलेली नाही, मागच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, ठेवली आहे. कॅलथ्रॉपचा नियम होता की कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सारखा वाटला की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. नुसत्या खडीत बसलेल्या रुळांना हा विचार लागू पडतो. इंजिनात चाकांना पकड मिळेल इतकंच वजन आहे, बाकीचं वाघिणीत. शिवाय संध्याकाळी वाघीण तेवढी उचलून घरात आणता येते. बॅटरी उन्हात तापलेली असताना चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत गार होऊ द्या.

पावसाळा. जून-जुलैत विशेष काही झालं नाही. आमच्याकडे खरा पाऊस सप्टेंबरचा, आणि यंदा तो मुक्कामाला आल्यासारखा पडला. वाफे तुंबले. चराच्या कडेने पाणी जायला अर्ध्या इंचाचे पाइप आडवे घालून ठेवले होते, त्यांनी काम केलं. हौदाजवळ मात्र माती फुगली आणि एक बाजू बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी, पण दिसेल इतकी वर आली. लक्षात घ्या, गाडी खड्ड्याने सहसा घसरत नाही. दोन्ही रूळ मिळून खाली गेले तर ती खाली जाऊन वर येते. एक रूळ वर आणि दुसरा खाली झाला की पिळा बसतो आणि लांब डब्याचं एक चाक अधांतरी राहतं. म्हणून खिशातली छोटी लेव्हल रुळांवर आडवी ठेवून सगळा मार्ग तपासतो. जिथे बुडबुडा सरकतो तिथे स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी पट्टी, किंचित उचलायचा, चपट्या काडीने दोन्ही बाजूंनी खडी आत सारायची, दाबायचं, परत लेव्हल. खऱ्या रेल्वेचे गँगवाले पहारीने जे करायचे तेच, लहान मापात. सगळा मार्ग एका सकाळी होतो. काँक्रीट असतं तर हीच दुरुस्ती छिन्नी-हातोड्याने करावी लागली असती.

घूस ही वेगळी बाब. तिने कढीपत्त्याजवळ मार्गाखालून बीळ काढलं आणि हातभर लांबीची खडी आत ओढली. तेवढा भाग उकरून खाली कोंबडीची जाळी अंथरली, त्यानंतर तिथे काही नाही. नवीन करणाऱ्यांनी सगळ्या मार्गाखाली आधीच जाळी घालावी. मुंग्यांची वारुळं रोज झाडूने निघतात. ठिबकच्या नळ्या जिथे मार्ग ओलांडतात तिथे पीव्हीसी पाइपातून खालून नेल्या आहेत, म्हणजे नळी बदलायला रूळ उचलावे लागत नाहीत.

स्लीपर उन्हाला टिकणाऱ्या प्लॅस्टिकचे आहेत, रंग जरा उडालाय, कडकपणा आलेला नाही. लाकडी स्लीपर दिसायला सुंदर, पण इथे वाळवीला आमंत्रण. स्टेशनची दोन छपरं थ्री-डी प्रिंट करून घेतली आणि मुद्दाम शेजारी शेजारी ठेवली, एक पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचं आणि एक एएसए नावाच्या. मे संपेपर्यंत पीएलएचं छप्पर मधोमध झोळीसारखं झालं. ते प्लॅस्टिक 60 अंशांच्या सुमाराला मऊ पडतं आणि उन्हातली गडद वस्तू त्या तापमानाला सहज पोहोचते. एएसएचं आजही सरळ आहे.

तक्रारी दोन. डब्यांसाठी आलेली प्लॅस्टिकची चाकं घेऊ नका. झिजतात, आणि झिजलेला काळा लेप रुळांवर बसतो. धातूची चाकं लावल्यापासून डबे खाली जड झाले आणि वाऱ्यातही स्थिर चालतात. दुसरी तक्रार वळणांची. दुकानदार 60 सेंटिमीटर त्रिज्येची वळणं गळ्यात मारतात, कारण ती संचात येतात. त्यांवर छोटं इंजिन जातं, पण लांब डबे आत कलतात, डबे जोडणारं कप्लिंग ओढलं जातं आणि दिसायलाही ते खेळण्यासारखं दिसतं. जागा असेल तर 1.2 मीटरच्या खाली येऊ नका. खेड्यात जागा असते, तोच आपला फायदा. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय अवश्य बघा, थक्क व्हाल. पण ते छताखालचं काम आहे. उघड्या रानातलं गणित वेगळं.

खर्चात रूळ सगळ्यात वरचे, इंजिनापेक्षाही. मुरूम, खडी आणि मजुरी त्यामानाने किरकोळ, आणि तिथेच लोक हात आखडता घेतात.

गाडी हळू चालवा. खऱ्या गाडीचा ताशी 30 किलोमीटरचा वेग इंजिनाच्या 1:22.5 प्रमाणाने उतरवला तर सेकंदाला 37 सेंटिमीटर होतात, म्हणजे माझी फेरी पावणेदोन मिनिटांच्या आसपास. एवढ्या वेळात आई वाफ्यातून मेथी खुडून टोपली वाघिणीवर ठेवते आणि ती ओट्याशी पुतणी उतरवून घेते. आमचे अण्णा कुर्डुवाडीहून पंढरपूरला छोट्या गाडीने गेलेले. त्यांना गाडी वळणावर दिसली पाहिजे म्हणून आंब्याजवळचा कढीपत्ता छाटून ठेवला आहे.

आता गोठ्याकडे जाणारा फाटा काढायचा आहे. त्याचा चर फक्कीने आखून झालाय. मुरूम पुढच्या आठवड्यात येईल, आणि या वेळी जाळी आधी.