बीटा 43 : इंजिन दणकट, लक्ष द्यायचं ते त्याच्या भोवतालाकडे

इंग्लंडच्या कालव्यांवर वापरलेली नॅरोबोट, म्हणजे तिथली लांब, अरुंद बोट, शोधायला लागलं की इंजिनाच्या रकान्यात 'बीटा 43' हे नाव वारंवार येतं. गाभा कुबोटाचा. नाशिककडे द्राक्षबागांत फिरणारे छोटे ट्रॅक्टर बनवते तीच ही जपानी कंपनी. बोटीसाठीची पुढची जुळणी ग्लॉस्टरजवळ बीटा मरीनच्या कारखान्यात होते. चार सिलिंडर, सुमारे 2.2 लिटर, 2,800 आरपीएमला 43 अश्वशक्ती. कालव्यात ताशी 4 मैलांची मर्यादा असल्यामुळे ते बहुतेक वेळ 1,200 ते 1,400 आरपीएमवर निवांत चालतं. दर 250 तासांनी तेल आणि फिल्टर बदलत राहिलं तर आतून सहसा दगा देत नाही. प्रवास अडतो तो बेल्ट, डिझेल, कूलंट आणि बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गुरफटलेल्या कचऱ्याने. म्हणून बोट बघताना इंजिनापेक्षा त्याची बसवणूक जास्त बारकाईने बघावी.

सगळ्यात जास्त वेळा अडतो तो पंखा, म्हणजे प्रोपेलर. बर्मिंगहॅमसारख्या शहरातून जाताना तर हे धरूनच चालायचं. बोट एकदम जड होते, सुकाणू थरथरतं, धूर काळा येतो. आधी न्यूट्रल, मग क्षणभर रिव्हर्स. पिशवी असेल तर तेवढ्यानेही सुटते. नाही सुटली तर काठाला बांधा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा आणि मगच मागचं वीड हॅच, म्हणजे पंख्यापर्यंत हात घालायच्या खिडकीचं झाकण, उघडा. हात कोपराच्या वर पाण्यात जातो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. बोटांनी चाचपून गुंडाळी कोणत्या दिशेने बसली आहे ते ओळखायचं, तिच्या उलट फिरवत सोडवायचं. दोरीला आणि लांब कापडाला दातेरी ब्रेडची सुरी सर्वांत उपयोगी पडते, गादीतल्या तारेला बोल्ट कटर लागतो. हातमोजे जाड हवेत, कारण तार कातडी सोलते.

खरा धोका यानंतर असतो. हॅचचं झाकण तिरकं बसलं किंवा त्याखालची रबरी पट्टी, म्हणजे गास्केट, दुमडलं, तर पंख्याने उसळलेलं पाणी थेट इंजिनाच्या खणात शिरतं आणि खण बघता बघता भरतो. अशाने बोटी बुडाल्या आहेत. क्लॅम्प घट्ट आवळा, बोट बांधलेलीच ठेवून गिअर टाका आणि टॉर्च मारून झाकणाची कड चारही बाजूंनी कोरडी आहे का ते बघा.

दुसरा नंबर बेल्टचा. इंजिनावर सहसा बॅटरी चार्ज करणारे दोन अल्टरनेटर असतात, एक स्टार्टरच्या बॅटरीसाठी आणि दुसरा मोठा, घरगुती बॅटऱ्यांसाठी. लहान अल्टरनेटरचा व्ही बेल्टच कूलंटचा पंपही फिरवतो. तो तुटला की चार्जिंगचा दिवा लागतो आणि तापमानाचा काटा चढायला लागतो. दोन्ही एकत्र दिसले की दुसरा विचार करायचाच नाही, इंजिन बंद करायचं. अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून तो आत ढकलायचा, नवा बेल्ट चढवायचा, अंगठ्याने दाबल्यावर 10 ते 12 मिमी दबेल इतका ताण द्यायचा. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत ताणला जातो, तेव्हा ताण पुन्हा तपासावा लागतो. आजूबाजूला काळी भुकटी पडलेली दिसली तर पुलीची रेष चुकलेली आहे किंवा ताण कमी आहे.

बेल्ट शाबूत आणि तरीही इंजिन गरम? मग स्किन टँककडे वळा. ही बोटीच्या अंगालाच आतून जोडलेली पोलादी टाकी. कूलंट तिच्यातून फिरतं आणि कालव्याचं पाणी ते गार करतं. ढोबळ हिशेब दर 4 अश्वशक्तीला 1 चौरस फूट, म्हणजे 43 ला जवळजवळ 11 चौरस फूट. टाकीत हवा अडकली तर वरचा भाग गार आणि खालचा गरम लागतो. इंजिन थंड झाल्यावर वरचा स्क्रू ढिला करून एअर काढायचा आणि कूलंट भरायचं. गरम असताना रेडिएटर कॅपला हात लावू नका.

चालता चालता आवाज वर-खाली होऊन इंजिन मरत असेल तर डिझेल पोचत नाही. टाकीच्या तळाशी पाणी साचतं आणि पाणी व डिझेलच्या सीमेवर बुरशीसारखी वाढ होऊन फिल्टर तुंबतात. डिझेलचा कॉक बंद करून वॉटर सेपरेटरमधलं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातलं) पाणी कपात सोडा, फिल्टर बदला, फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करा आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाची दांडी बुडबुडे थांबेपर्यंत हाताने हलवा. दांडी नुसतीच सैल हलत असेल तर आतला कॅम वर आलेला असतो. इंजिन थोडं फिरवलं की पुन्हा दाब लागतो. हिवाळ्यात टाकी भरलेली ठेवली तर हे संकट बरंच टळतं.

विजेच्या बाजूला माझी एकच तक्रार, वायरिंगमधला मोठा मल्टी-प्लग. त्याच्या पिना गंजल्या की किल्ली फिरवूनही सगळं शांत राहतं. सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पुन्हा दाबून केबल टायने बांधा. इंजिन थांबवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी कळ) नाही चालला तर इंजिनावरची दांडी हाताने ओढून ते बंद करता येतं. ती कुठे आहे हे आधीच बघून ठेवा.

गिअरबॉक्स आणि इंजिनामधली ड्राइव्ह प्लेट तुटली तर मात्र काठावर इलाज नाही. इंजिन पळतं, बोट हलत नाही. अशा वेळी बंद पडलेल्या बोटींच्या मदतीला येणाऱ्या रिव्हर कॅनॉल रेस्क्यूसारख्या सेवेचं सभासदत्व कामी येतं. तोवर पंधरा टनांची बोटही दोरीने काठावरून एक माणूस हळूहळू ओढू शकतो. ब्लिसवर्थसारख्या 2,813 मीटरच्या बोगद्यात मात्र ओढायला काठच नाही. आत शिरण्याआधी तापमानाचा काटा आणि बेल्ट बघून घ्या.

बोट पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा, आधी तापवून ठेवलेलं नको. अर्ध्या तासाने स्किन टँक वर-खाली हात लावून बघा, बेल्टखालची भुकटी बघा, सेपरेटरमधलं थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढून उजेडात धरा.