फळ्यावरचे लाल ठिपके : राजारामपुरीतील एका कॅफेमधील रग्बीची संध्याकाळ

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील या छोट्या कॅफेत दर रविवारी रग्बीचे जुने सामने मोठ्या पडद्यावर दाखवले जातात. त्याआधी भिंतीवरील फळ्यावर दोन्ही देशांच्या पूर्ण संघांची नावे लिहून ‘बाहेरच्या’ खेळाडूंपुढे लाल खडूने ठिपका काढला जातो. फुटबॉलवेड्या गावात रग्बीसाठी कोणी एवढे कष्ट घेते, याचे कौतुक वाटले. चहा उत्तम, कटवडा त्याहून उत्तम, आवाज मात्र कर्कश. माझी तक्रार आहे ती फळ्याविषयी.

मी पाहिला तो 2023 च्या विश्वचषकातील इंग्लंड–सामोआ सामना, जो इंग्लंडने 18–17 असा जेमतेम जिंकला. पूर्वी न्यूझीलंडकडून खेळलेल्या लिमा सोपोआगाच्या नावापुढे सामोआच्या रकान्यात ठसठशीत ठिपका होता. इंग्लंडचा रकाना मात्र धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. त्या विश्वचषकाच्या इंग्लंड संघात सामोआत जन्मलेला मनू तुइलागी होता, ज्याचे थोरले भाऊ सामोआकडून खेळले. सिडनीत जन्मलेला बिली व्हुनिपोलाही होता, ज्याच्या वडिलांनी टोंगाचे कर्णधारपद भूषवले होते. हे दोघे इंग्लंडमध्येच वाढले, त्यामुळे त्यांच्या निवडीत मला काही गैर वाटत नाही. पण मग सोपोआगाच्या निवडीत तरी काय गैर आहे?

रग्बीत देशाकडून खेळण्यासाठी स्वतःचा, आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा तरी जन्म तेथील असावा लागतो, नाहीतर तेथे दीर्घ वास्तव्य लागते. सलग वास्तव्याची अट पूर्वी तीन वर्षांची होती, ती आता पाच वर्षांची आहे. एकदा एका देशाकडून खेळल्यावर दुसऱ्याचे दार एरवी बंदच होत असे. 1 जानेवारी 2022 पासून ते एकदाच उघडता येते, तेही तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांबाहेर राहून आणि जन्माचे किंवा रक्ताचे नाते असेल तरच. श्रीमंत देशांच्या वास्तव्याच्या अटीवर वर्षानुवर्षे फारसा ओरडा झाला नाही. सामोआ-टोंगासारख्या बेटांची मुले माघारी येऊ लागल्यावर मात्र अनेकांना ती पळवाट वाटू लागली. खरी लबाडी उघड झाली होती 2000 साली, आणि तीही वेल्समध्ये : शेन हॉवर्थ व ब्रेट सिंकिन्सन यांच्या आजोबांचे वेल्सशी असलेले नाते कागदपत्रांत टिकले नाही.

मालकांचे म्हणणे असे की, पासपोर्ट हाच खरा निकष असावा. भारताचा नियम तसाच आहे आणि त्यासाठी फुटबॉलपटू अराता इझुमी याने जपानी नागरिकत्व सोडले होते, हे मला मान्य आहे. कडक नियम सर्वांना सारखा लागू झाला तर तोही न्यायच. पण या फळ्यावर तो एकाच रकान्याला लागू होता. शिवाय शाहू महाराजांच्या काळापासून पंजाबच्या मल्लांना आश्रय देणाऱ्या गावात ‘बाहेरचा’ हा शब्द इतक्या सहज लिहिला जावा, हे मला खटकले (तालमीचा मल्ल म्हणजे राष्ट्रीय संघ नव्हे, हे मालकांनी ऐकवलेच).

तूर्तास पाचपैकी तीन तारे. पुढच्या रविवारी आयर्लंड–न्यूझीलंड उपांत्यपूर्व सामना आहे. बंडी अकी, जेम्स लो आणि जेमिसन गिब्सन-पार्क हे तिघेही न्यूझीलंडमध्ये जन्मलेले असून वास्तव्याच्या अटीवर आयर्लंडकडून खेळतात. त्यांच्या नावांपुढे ठिपके दिसले, किंवा सोपोआगापुढचा पुसला गेला, तर चौथा तारा देईन.