चेंबूरच्या तामिळ मेसमध्ये नऊ महिने जेवल्यावर

जूनमध्ये आम्ही चेंबूरला राहायला आलो तेव्हा गॅस कनेक्शन मिळेपर्यंत तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत कोपऱ्यावरच्या तामिळ मेसमध्ये जायची जी सवय लागली ती आजपर्यंत चालू आहे, आठवड्यातून दोन-तीनदा तरी. म्हणजे झाले नऊ महिने. पहिल्याच आठवड्यात रिव्ह्यू लिहिला असता तर दोन स्टार दिले असते, म्हणून बरं झालं थांबले ते.

दोन स्टार कशासाठी, तर सांबारासाठी. मला लहानपणापासून जे सांबार माहीत होतं ते जरा गोडसर, दाटसर, थोडं खोबरं वाटलेलं. इथलं पातळ, चिंचेचं आंबट, धणे आणि हिंगाचा वास पुढे आणि गूळ नावालाही नाही. मी वाढणाऱ्या अण्णांना सांगितलंसुद्धा की आज काहीतरी बिघडलंय. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणता ते उडपीचं, हे तामिळ सांबार." तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला की मुंबईत आपण ज्याला साऊथ इंडियन म्हणतो ते बरचसं उडपी-मंगळूरकडच्या लोकांनी आणलेलं आहे, म्हणजे कर्नाटकच्या एका किनाऱ्याची चव. माटुंगा स्टेशनजवळचं रामा नायकांचं उडुपी १९४२ पासूनचं आहे, तिथे केळीच्या पानावर जेवलेय मी आणि ते मला आजही प्रिय आहे. पण त्या मापाने तामिळ जेवण मोजायचं नसतं एवढं मला कळायला महिना गेला.

आता मुख्य गोष्ट, दुपारचं मील. ते आपल्या थाळीसारखं सगळं कालवून खाल्लंत तर निम्मी मजा जाते. भात तीन-चार वेळा वाढतात आणि दर वेळी त्यावर वेगळं येतं. आधी घट्ट वरण आणि तूप (याला परुप्पु म्हणतात, आपल्या साध्या वरणाला अगदी जवळचं), मग सांबार, मग एखाद दिवशी वत्त कुळंबु म्हणजे वाळवलेल्या सुंडक्कायची (वांग्याच्या कुळातलं छोटं कडवट फळ) चिंचेतली दाट आमटी, मग रसम, आणि शेवटी ताकभात. चव दाटाकडून पातळाकडे आणि तिखट-आंबटाकडून थंडाव्याकडे जाते, म्हणून पोटभर खाऊनही जड वाटत नाही. बाजूला पोरियल म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी, कूटु म्हणजे डाळीतली भाजी, अप्पळम म्हणजे पापड आणि कधीतरी पायसम म्हणजे खीर. सणाच्या दिवशी केळीचं पान मांडतात, निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे, आणि जेवण झालं की पान स्वतःच्या बाजूला दुमडायचं. मी एकदा पलीकडे दुमडलं तर काउंटरवरच्या अम्मांनी येऊन स्वतः उलटं करून दिलं, कारण तसं पान दुःखाच्या जेवणाला दुमडतात. त्या रागावल्या नाहीत, पण मला ते कायमचं लक्षात राहिलं.

रसमबद्दल वेगळं लिहायला हवं. पावसाळ्यात मला आठ दिवस सर्दी होती आणि रोज एक वाटी मिरी-जिऱ्याचं रसम पार्सल आणलं. आपल्या साराचाच भाऊ आहे तो, फक्त टोमॅटोच्या साराला आपण साखर घालतो आणि इथे मिरी भरडून घालतात.

आमचं गाव कुडाळकडे, त्यामुळे मला या जेवणात घरचे नातेवाईक भेटत राहिले. इडलीचा तांदूळ म्हणजे आपल्या उकड्या तांदळाच्याच जातकुळीतला. अडै म्हणजे मिश्र डाळी-तांदळाचं जाड धिरडं, सोबत अवियल म्हणजे खोबऱ्यातली मिश्र भाजी. वेण पोंगल म्हणजे मुगाची मऊ खिचडी, पण वरून तुपात तळलेली मिरी, जिरं, काजू. सगळ्यात चकित झाले ते शनिवारी सकाळच्या इडिअप्पमने, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या शेवयांनी, आपल्या कोकणातल्या शिरवाळ्यांसारख्या. आपल्याकडे शिरवाळ्यांना पिठाच्या मुटक्या आधी उकळत्या पाण्यात शिजवतात आणि मग गरम असतानाच साच्यातून दाबतात, इथे आधी दाबून घेतात आणि मग वाफवतात. म्हणून इडिअप्पम हलकं आणि मोकळं, आणि शिरवाळे जरा चिवट. सोबत नारळाचं दूध मात्र दोन्हीकडे, आपण त्यात गूळ-वेलची घालतो, इथे पांढरी साखर भुरभुरवतात. मला आपला गुळाचा नारळरस जास्त आवडतो, हे खरंच सांगते.

डोसा इथे हॉटेलसारखा कागदी कडक नसतो, कडेने कुरकुरीत आणि मधे मऊ. म्हैसूर मसाला डोसा मागू नका, मुंबईच्या गाड्यांवर भाज्या, बीट, बटर सगळं तव्यावरच कुस्करून करतात तसा इथे मिळणार नाही. त्यापेक्षा पोडी डोसा घ्या. पोडी म्हणजे आपण गनपावडर म्हणतो ती डाळी-मिरचीची भुकटी, ती तिळाच्या तेलात कालवलेली हवी, साधं तेल मागितलंत तर चव उतरते.

तक्रारी आहेत आणि त्या लिहायलाच हव्यात. संध्याकाळी साडेआठनंतर गेलात तर पीठ आंबट झालेलं असतं, एप्रिल-मेच्या उकाड्यात काय होत असेल देव जाणे, मी जूनलाच हे अनुभवलंय. एकदा रात्री खोबऱ्याच्या चटणीला वास येत होता, सांगितल्यावर लगेच बदलली पण ती टेबलावर यायलाच नको होती. कॉफी सकाळी अप्रतिम, डबरा-टंबलरमध्ये (खोलगट वाटी आणि पेला) फेसाळ, चिकोरीचा कडवटपणा नेमका. दुपारी चारला मात्र तीच पूड दुसऱ्यांदा गाळल्यासारखी पातळ लागते, मी तीन वेळा खात्री केली. मी सरळ विचारायला लागले, "अण्णा, डिकॉक्शन (गाळलेला कॉफीचा अर्क) ताजं आहे का?" नसेल तर स्वच्छ नाही म्हणतात आणि हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. बसायला बाकं अरुंद आहेत, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, आणि मील दोन वाजताच संपतं, रविवारी तर दीडला.

पैशाचं म्हणाल तर भात, सांबार, रसम हवं तेवढं वाढतात, माणसाला उपाशी उठू देत नाहीत. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा कापला तो त्या चटणीसाठी.

मे महिन्यात आई येणार आहे, तिला शनिवारी साडेआठच्या आत नेणार, कारण नऊनंतर इडिअप्पम उरत नाही. घरून गुळाचा रस डब्यात नेऊ का असं अम्मांना विचारलं, त्या म्हणाल्या "आण, मलाही थोडा दे."