डच की हॉलंड लॉप? प्रदर्शनासाठी सशांची पहिली जोडी घेताना

अमेरिकेत मुलांच्या 4-एच क्लबमधून किंवा अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या प्रदर्शनांसाठी ससे पाळायचे ठरले की पहिली जोडी बहुतेक वेळा डच (ठरावीक पांढऱ्या-रंगीत पट्ट्यांचा ससा) किंवा हॉलंड लॉपची (लोंबत्या कानांचा बुटका ससा) येते. दोन्ही जाती लहान आहेत आणि सहज मिळतात. पण गुणपत्रक पाहा: डचला 100 पैकी 50 गुण नुसत्या खुणांचे, तर लॉपला 84 गुण बांध्याचे आणि रंगाचे फक्त 4. तुमची मेहनत कशावर खर्च होणार ते इथेच ठरतं.

डचचा निकाल जन्मताच लागतो. पिल्लू उघडंबोडकं असतानाच कातडीवर रंग दिसतो, म्हणून पहिल्याच दिवशी वेण्याची पेटी तपासताना निवड करता येते. खांद्यामागची, पांढरा आणि रंगीत भाग वेगळे करणारी रेघ सरळ आहे का आणि पोटाखालून तशीच सलग फिरते का, ते पाहा. दोन्ही गालांवरचे रंगीत भाग गोल आणि सारखे हवेत. मागच्या पावलांवरचे पांढरे मोजे बोटांपासून साधारण एक तृतीयांश लांबीवर संपायला हवेत. पांढऱ्या भागात रंगाचा सुटा ठिपका असेल तर पिल्लू बाद. अव्वल नर-मादीच्या वेतातही अशी चुकीच्या खुणांची पिल्लं भरपूर निघतात, कारण नमुना एका जनुकातून येतो, पण रेघ नेमकी कुठे पडणार हे अनेक जनुकं मिळून ठरवतात. बाद पिल्लं 8 आठवड्यांची झाली की पाळायला देऊन टाकायची. पिंजरे अडून राहत नाहीत.

रंगात एक खबरदारी घ्या. काळ्याला निळा लावायला हरकत नाही. पण करड्याला टॉर्टॉइज (काळपट छटेचा नारिंगी) लावलात तर त्याच किंवा पुढच्या पिढीत नारिंगी पिल्लं येऊ लागतात. तो रंग डचमध्ये मान्य आहे का ते आधी तपासा.

लॉपमध्ये धीर लागतो, आणि मन घट्टही लागतं. बुटकेपणाचं जनुक एकेरी आलं तर ससा आखूड, भरीव आणि मोठ्या डोक्याचा होतो. दुहेरी आलं तर पिल्लू जगत नाही. अशा पिल्लाला 'पीनट' म्हणतात: भावंडांच्या निम्म्या आकाराचं, फुगीर कपाळाचं, कमरेत आवळलेलं. बहुतेक पीनट काही दिवसांतच दगावतात. दोन्ही आईबाप बुटके असतील तर सरासरी चारात एक पिल्लू असं निघतं. वेतही लहान, बहुधा 2 ते 4 पिल्लांचं. एकच पिल्लू असेल तर ते मोठं होऊन अडकण्याची भीती असते.

म्हणून जाणकार लोक बुटक्या नराला जनुक नसलेली थोराड मादी लावतात. ती 4 पौंडांच्या मर्यादेबाहेर जाते, प्रदर्शनात चालत नाही, पण सहज विते आणि पीनट होत नाहीत. पिल्लं सरासरी निम्मी बुटकी. तिला हिणवू नका, कळप तिच्यावरच उभा राहतो. मात्र तिचाही बांधा तपासा. पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला की मागचा भाग गोल, भरलेला लागला पाहिजे. हाडं टोचली किंवा पुठ्ठा आत चिमटल्यासारखा लागला तर तो दोष पिल्लांत उतरतो.

लॉपचं पिल्लू मध्येच बेढब होतं आणि पुन्हा सावरतं, त्यामुळे 4 ते 6 महिन्यांपर्यंत निवड पक्की करू नये. तितके दिवस प्रत्येक होतकरू पिल्लाला स्वतंत्र पिंजरा द्यावा लागतो. रंगाची चिंता कमी, तरी ठिपकेदाराला (पांढऱ्यावर रंगीत डाग असलेल्याला) ठिपकेदार लावू नका. चारात एक 'चार्ली' निघतो. त्याच्या अंगावर बहुधा 10 टक्क्यांहून कमी रंग असतो आणि अनेकांना पचनाचा त्रास होतो. ठिपकेदाराला एकरंगी लावा.

पाच-सहाच पिंजरे असतील आणि मुलाला पहिल्या वर्षीच रिंगणात उतरायचं असेल, तर आमचं मत डचच्या बाजूने. माद्या भरपूर दूध देतात आणि दुसऱ्याची पिल्लंही सांभाळतात. लॉपच घ्यायचे असतील तर सोबत एक डच मादी ठेवा आणि दोघींना एकाच दिवशी नर दाखवा. 31 दिवसांच्या आसपास दोन्ही वेतं बरोबरच येतात, आणि लॉप मादीने पिल्लांकडे पाठ फिरवली तर ती डचच्या पेटीत सरकवता येतात.