कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थेचं डिझाइन आणि व्हिडिओ: स्टुडिओ, फ्रीलान्सर की आपलाच कार्यकर्ता?

मुंडकारांची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची) घरं, डोंगरउतारावरचं जमीन-रूपांतर, घरगुती हिंसाचार अशा प्रकरणांत लोकांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या छोट्या संस्थेला पत्रकं, पोस्टर आणि दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ आता लागतातच. गोव्यात ते करून घ्यायचे रस्ते मुख्यतः तीन: पणजी-पर्वरीकडचा स्टुडिओ, एकट्याने काम करणारा फ्रीलान्सर, किंवा संस्थेतलाच कार्यकर्ता आणि त्याचा मोबाइल. कमिटीच्या बैठकीत बहुधा दरपत्रकं आणि नमुने पाहून ठरवलं जातं. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: जी बाई किंवा जो माणूस कॅमेऱ्यासमोर बोलणार, त्याचं कच्चं फुटेज शेवटी कोणाकडे राहणार?

हा प्रश्न थेट कायद्याचा आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, कलम 23 आहे. चेहरा धूसर केला की काम झालं, असं चित्रीकरण करणाऱ्यांना मनापासून वाटतं. पण सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर चेहरा दिसण्याची गरजच नसते. आवाज, अंगणातलं तुळशीवृंदावन, मागच्या भिंतीचा रंग, एवढ्यावरून अख्खा गाव ओळखतो. म्हणून फक्त हात दाखवावेत, तेही आपल्या कार्यालयातल्या कोऱ्या भिंतीसमोर, आणि तिचे शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात घ्यावेत.

स्टुडिओत नेमकी इथेच अडचण येते. कॅमेऱ्याच्या कार्डावरचं फुटेज एडिटरकडे जातं, तिथून ड्राइव्हच्या लिंकवर, मग एखाद्या शिकाऊ मुलाच्या लॅपटॉपवर. हेतू कोणाचाच वाईट नसतो, पण ते किती जणांच्या हातांतून गेलं याचा पत्ता राहत नाही. आपला कार्यकर्ता असेल तर कार्ड संध्याकाळी संस्थेच्या कपाटात येतं. शिवाय त्याच्याशी माणसं मोकळेपणी बोलतात, आणि ग्रामसभेच्या रविवारी त्याला वेगळं बुक करावं लागत नाही.

त्याच्या कामात कच्ची बाजू आवाजाची. पत्र्यावर पाऊस पडत असताना घेतलेली मुलाखत नंतर कितीही खटपट केली तरी सुधारत नाही. नवा कॅमेरा घेण्याऐवजी चांगला कॉलर माइक घ्या. दुसरी अडचण वेळेची: मामलेदाराकडे तारीख असेल त्या दिवशी एडिटिंग बाजूलाच पडतं, आणि पडायलाच हवं.

मग स्टुडिओ कशासाठी? देणगीदारांना दाखवायची फिल्म, किंवा डोंगर कापल्याचं नाहीतर खाणीच्या खड्ड्याचं वरून दिसणारं दृश्य. ते ड्रोनशिवाय कळत नाही, आणि दाबोळीला नौदलाचा तळ नि मोपाला दुसरा विमानतळ असल्यामुळे परवानगीचा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन उडवता येत नाही. नियमित काम करणाऱ्या स्टुडिओला ते माहीत असतं. मात्र बिलावर 18 टक्के जीएसटी येतो, आणि छोट्या संस्थेला त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) सहसा मिळत नसल्यामुळे तो निव्वळ खर्च. वर्षाला 20 लाखांच्या आत कमाई असलेल्या फ्रीलान्सरला सहसा नोंदणीच लागत नाही. नोव्हेंबरपासून इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आणि लग्नसराई, तेव्हा तारखा मिळणं कठीण. आणखी एक: स्टुडिओला जाहिरातीची सवय असते, म्हणून शेवटच्या फ्रेमवर वकिलाचं नाव आणि फोन टाकला जातो. बार कौन्सिलचा नियम 36 वकिलांना जाहिरात करू देत नाही. तिथे मोफत कायदेशीर मदतीचा 15100 हा क्रमांक द्या.

पत्रकं आणि पोस्टरसाठी मी फ्रीलान्सरच निवडेन, पण देवनागरीची परीक्षा घेऊन. काम देण्याआधी एक ओळ त्याच्याकडून टाइप करून घ्या: ‘दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्या मुंडकाराने मामलेदाराकडे अर्ज द्यावा.’ ‘ऱ्या’ तुटतो का, ‘मि’ची वेलांटी ‘म’च्या उजवीकडे जाऊन बसते का, ‘र्ज’चा रफार जागेवर आहे का, ते बघा. फोटोशॉप किंवा प्रीमिअरमध्ये भारतीय लिपींची सेटिंग चालू नसेल तर हे सगळं बिघडतं, आणि इंग्रजीत काम करणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. छपाईवाला जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट वापरत असेल तर तोच मजकूर पुन्हा टाइप होतो आणि नव्या चुका शिरतात. म्हणून प्रेसला फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफच द्यावी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्यात मराठी पत्रक वाचलं जातं. सासष्टीत रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी लागेल. दोन्ही मांडता येणारा माणूस मिळाला तर दर थोडा जास्त असला तरी द्या.

पणजीत आल्तिनोला असलेल्या गोवा कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना पोस्टरचं काम जरूर द्यावं, प्रकरणाची कागदपत्रं मात्र नाहीत.

वर्षाचं बजेट तुटपुंजं असेल तर माझी वाटणी अशी: साक्षी-मुलाखती कार्यकर्त्याकडे, छापील काम फ्रीलान्सरकडे, आणि स्टुडिओ फक्त एखाद्या मोठ्या फिल्मपुरता, तोही संवेदनशील मुलाखती वगळून.

करारात मालकी स्पष्ट लिहून घ्या. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचे पहिले मालक आपण असतो, उलट करार नसेल तर. बाहेरच्या डिझायनरने केलेल्या पोस्टरच्या किंवा लोगोच्या मांडणीचं तसं नाही. ती त्याचीच राहते, लेखी हस्तांतर होईपर्यंत. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कलम 19 ती पाच वर्षांची धरतं, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. म्हणजे पाच वर्षांनी आपल्याच लोगोसाठी परत दारात उभं राहावं लागेल. मूळ उघडता येणाऱ्या फाइली आणि कच्चं फुटेज शेवटचा हप्ता देण्याआधी ताब्यात घ्यायचं, आणि त्यांच्याकडची प्रत पुसल्याचं लेखी मागायचं.