लाकडी पूल की होड्या? सीझरने दोन्ही वापरलं

इ.स.पू. ५५ मध्ये रोमन सेनापती ज्युलियस सीझरला सैन्यासह ऱ्हाइन नदी ओलांडायची होती तेव्हा उबी नावाच्या जर्मन टोळीने त्याला होड्या देऊ केल्या होत्या, पण गड्याला ते सेफ वाटलं नाही आणि रोमच्या शानला शोभतही नव्हतं म्हणे, म्हणून त्याने सरळ पूलच ठोकला. लाकूड गोळा करण्यापासून १० दिवसांत काम फत्ते! दीड फूट जाडीचे ओंडके जोडीजोडीने नदीत रोवले, तेही उभे नाही तर प्रवाहाच्या दिशेने तिरके, समोरची जोडी उलट कललेली, त्यामुळे पाण्याचा जोर वाढला की सांधे अजूनच घट्ट बसायचे. भारी डोकं. पण पलीकडे जेमतेम १८ दिवस राहून परत आला नि पूल मोडून टाकला, म्हणजे निम्मा तर शोच.

इ.स.पू. ४९ मध्ये स्पेनमध्ये सिकोरिस नदीला पूर आला, पूल वाहून गेले, सैन्याचे खायचे वांदे झाले, पलीकडे शत्रू बसलेला. मग ब्रिटनमध्ये बघितलेल्या टाइपच्या होड्या बनवल्या, हलकं लाकूड, वेताचं विणकाम, वरून कातडं, आणि रात्रीत गाड्यांवर लादून लांब नेल्या. त्यातून माणसं पलीकडे उतरवली, टेकडी धरली, मग दोन्ही काठांवरून दोन दिवसांत पूल.

धाक बसवायला ऱ्हाइनचा पूल, पण अडचणीत मला तर होड्याच पटतात.